जुनं कुठवर सांभाळायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या हातकणंगल्यावरून जाणारा कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. कोल्हापूर संस्थानाच्या पुढाकारानं झालेला हा मार्ग मीटर गेजचा होता. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. पुढं १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि हे अंतर १६७६ मिलिमीटर झालं. पण मिरज जंक्शनात त्यानंतरही बरीच वर्षं तीन मापांचे रूळ शेजारी शेजारी नांदत होते. पुण्याकडं आणि कोल्हापूरकडं ब्रॉडगेज, लोंढ्याकडं मीटर गेज आणि पंढरपूरकडं अडीच फुटांची नॅरोगेज. एका मापाच्या डब्यातलं पोतं दुसऱ्या मापाच्या डब्यात न्यायचं, तर ते हमालाच्या पाठीवरूनच जायचं. लोंढ्याची लाइन नव्वदच्या दशकात बदलली, पंढरपूरची २०१०च्या सुमारास. मोठा रूळ आल्यावरही जवळजवळ चाळीस वर्षं लहान रूळ सांभाळावे लागले, कारण त्या रुळांवर माणसं होती आणि त्यांचा माल होता.

संगणकाचे प्रोग्रॅम तयार करणाऱ्या मंडळींपुढं हाच प्रश्न दर दोन-चार वर्षांनी उभा राहतो. जुनं कुठवर सांभाळायचं आणि कधी सोडायचं? वरवर पाहता हा त्यांचा घरगुती प्रश्न वाटतो. पण मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या प्रत्येकाच्या दारापर्यंत तो येऊन गेलेला आहे. आज त्याच गोष्टीचा इतिहास तुमच्यापुढं मांडायचा आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. प्रोग्रॅमर जे लिहितो ते माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत असतं. यंत्राला मात्र फक्त आकड्यांतल्या आज्ञा कळतात. या दोघांमधला दुभाष्या म्हणजे कंपायलर. १९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर या बाईंनी अशा दुभाष्याची पहिली आवृत्ती चालवून दाखवली. दुसरा शब्द डिपेंडन्सी. कुठलाही प्रोग्रॅम एकटा उभा राहत नाही. इतरांनी आधी लिहून ठेवलेल्या तयार भागांच्या आधारानं तो चालतो. आमच्या शेजारच्या इचलकरंजीत माग चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. साध्या मागाला धोटा लागतो, कांडी लागते. बिनधोट्याच्या नव्या मागावर तो धोटा काही कामाचा नाही. आणि धोटे करणाऱ्यानं धंदा बंद केला, तर धडधाकट चालणारा मागही एक दिवस गप्प होतो. मागाचं धोट्यावाचून अडणं, तसंच प्रोग्रॅमचं डिपेंडन्सीवाचून अडणं.

आता समजा, एक प्रोग्रॅम हजारो लोक वापरतात. काहींकडं नवा कंपायलर, नवी यंत्रणा आहे. काहींकडं दहा वर्षांपूर्वीची. सगळ्यांना धरून चालायचं ठरवलं, तर नव्या सोयी वापरता येत नाहीत, एकच गोष्ट दोन पद्धतींनी लिहावी लागते आणि प्रत्येक जुन्या यंत्रणेवर ती चालते का हे पुनःपुन्हा तपासावं लागतं. जुनं सोडायचं ठरवलं, तर काम हलकं होतं, पण कुणीतरी फलाटावर उभा राहतो आणि गाडी निघून जाते.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या, बी. ए. झालेल्या माणसाला या उठाठेवी कशाला? सांगतो. मराठी लिपी संगणकावर आली तेव्हापासून हा प्रश्न आपल्याही पानावर वाढलेला आहे.

सुरुवात टंकयंत्रापासून करावी लागते. देवनागरीतली अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या हा सगळा पसारा टंकयंत्राच्या चाळीसपंचेचाळीस कळांवर बसवायचा होता. मग युक्ती काढली गेली. अर्धं अक्षर एका कळीवर आणि काना दुसऱ्या कळीवर. 'ग' हवा असेल तर अर्धा 'ग' आणि पुढं काना. पहिली वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते, पण कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधी दाबायची. आपल्या कचेऱ्यांतले हजारो टंकलेखक याच वळणावर तयार झाले. तालुक्याच्या गावी टायपिंगच्या संस्था निघाल्या, परीक्षा झाल्या, नोकऱ्या लागल्या. बोटांना एकदा लागलेली सवय ही सुद्धा एक डिपेंडन्सीच असते.

ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र विकसित केलं. १९८८ साली पुण्यात सीडॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिथं आलं. याच सुमारास इस्की नावाची सांकेतिक पद्धत आकाराला आली. १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यामागचा विचार फार चांगला होता. अक्षर कसं दिसतं हे न साठवता त्याचा उच्चार साठवायचा. 'कि' लिहिताना आधी 'क' आणि मग वेलांटी. दिसण्याचं काम यंत्रावर सोपवायचं. १९८६ साली ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलकही याच विचारानं मांडलेला होता. तो शिकायला सोपा आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच.

मग ही पद्धत घरोघर का गेली नाही? कारण छापखाने आणि कचेऱ्या आधीच दुसऱ्या रुळावर होत्या. कचेरीतल्या टंकलेखकाची बोटं टंकयंत्राच्या मांडणीची होती. छापखान्यात पेजमेकरसारखे परदेशी प्रोग्रॅम आले होते आणि त्यांना फक्त इंग्रजी अक्षरांच्या जागा ठाऊक होत्या. तेव्हा आपल्या लोकांनी त्या जागांवरच मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. इंग्रजीच्या एका अक्षराच्या जागी अर्धा 'ग', दुसऱ्याच्या जागी काना. टंकयंत्राचा सगळा सांगाडा असा संगणकात शिरला. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं त्या काळात छापखान्याच्या प्रत्येक माणसाच्या तोंडी होती. त्यांनी मराठी छपाईचं फार मोठं काम केलं, हे आधी मान्य केलं पाहिजे. शिशाच्या खिळ्यांच्या पेट्या त्यांच्यामुळंच उचलल्या गेल्या. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, कवितासंग्रह, सहकारी संस्थांचे अहवाल, सगळं यातून छापलं गेलं.

पण प्रत्येकाची मांडणी निराळी. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, आणि तिथं तो फॉन्ट नसला, की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. अकारविल्हे याद्या लावता येत नसत, कारण यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हतीच. एखादा शब्द शोधावा, तर शोधता येत नसे. कागदावर मराठी, पोटात निराळंच काही. मिरज जंक्शनातल्या हमालीसारखी इथंही हमाली आली. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेण्यासाठी कन्व्हर्टर नावाचे प्रोग्रॅम निघाले. ते अर्धी अक्षरं हमखास सांडत.

याच काळात जगभर युनिकोडची जुळवाजुळव चालली होती. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी आपल्या १९८८च्या इस्कीवर आधारलेली आहे. म्हणजे आपण आपल्या गरजेसाठी केलेलं काम जगाच्या पाटीवर कायमचं कोरलं गेलं. आणि कायमचं हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. युनिकोडचा एक दंडक आहे. एकदा दिलेली जागा पुन्हा काढून घ्यायची नाही, हलवायचीही नाही. आज लिहिलेलं पन्नास वर्षांनी वाचता यावं, यासाठी तो आहे.

मात्र मानक ठरलं म्हणून घराघरांतली यंत्रं एका रात्रीत बदलत नाहीत. विंडोज २००० ही देवनागरी युनिकोड समजणारी विंडोजची पहिली आवृत्ती. तिच्यासोबत मंगल हा फॉन्ट आला. तो र. कृ. जोशी यांनी घडवला होता. जोशी हे सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे प्राध्यापक आणि कवीही. २००१ साली विंडोज एक्सपी आली. पण तिच्यातही मराठीची सोय आपोआप सुरू नसायची. सीडी घालून, प्रादेशिक भाषांच्या पानावर जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे. आणि गावोगाव संगणक होते ते विंडोज ९८चे. त्यांवर युनिकोड मराठी धड दिसतच नसे.

तेव्हा त्या काळात मराठी संकेतस्थळ काढणाऱ्यापुढं उभा राहिलेला पेच लक्षात घ्या. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर ठेवला, तर विंडोज ९८वाल्यालाही तो वाचता येतो, फक्त फॉन्ट उतरवून घ्यायचा. पण तो मजकूर शोधता येत नाही, उद्या दुसऱ्या कुठल्या यंत्रावर नेता येत नाही. युनिकोडमध्ये ठेवला, तर तो टिकाऊ आहे, शोधता येतो. पण आजचे निम्मेअधिक वाचक चौकोनी डबे बघत बसतात. बहुतेक मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांनी आरंभी जुनी वाट धरली आणि पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत एकेक करून ती युनिकोडकडं आली. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यानं युनिकोडचीच वाट धरली. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, असं मला वाटतं. वर्तमानपत्राला आजचा वाचक आजच हवा असतो. ज्ञानकोशाला दहा वर्षांनी येणाऱ्या वाचकाचीही वाट बघायची असते. जुनं कुठवर सांभाळायचं याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, ते यामुळं. आपण कुणासाठी लिहितो, हे आधी ठरवावं लागतं.

आता एक बारीकसं, पण खास आपल्या भाषेचं उदाहरण सांगतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात 'र'चं ते आडवं, पापणीच्या केसासारखं रूप. मराठीचं हे वैशिष्ट्य. हिंदीला त्याची गरज पडत नाही. युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत हे रूप लिहिण्याची एक रीत होती. साधा 'र', हलन्त आणि त्याच्यापुढं डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पुढं इस्कीशी सुसंगत अशी दुसरी रीत मुख्य ठरली. 'र'च्या खाली टिंब असलेलं 'ऱ' हे अक्षर घ्यायचं आणि त्याला हलन्त द्यायचा. मग पहिली रीत काढून टाकली का? नाही. त्या रीतीनं लिहिलेला मजकूर आधीच जगात होता. दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगतता राहावी म्हणून, असं कारण नोंदवून ती जुनी रीतही नियमांत ठेवली गेली. ती आजही आहे.

याचा परिणाम असा, की 'कऱ्हाड' हे गावाचं नाव दोन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळी गावं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं खास काळजी घेतली नसेल, तर एका रीतीनं शोधलं की दुसऱ्या रीतीनं लिहिलेलं सापडत नाही. 'गोऱ्हे' आडनावाचा माणूस एखाद्या यादीत असूनही नसतो. उर्दू शब्द नागरीत लिहिताना अक्षराखाली टिंब देतात, तेही दोन तऱ्हांनी साठवता येतं. पण तिथं मानकानंच सांगून ठेवलं आहे, की ही दोन्ही रूपं एकच समजावीत. 'कऱ्हाड'च्या बाबतीत तसा आदेश नाही. म्हणजे जुनं सांभाळण्याचीही किंमत असते. दोन्ही सांभाळायचं ठरवलं, तर दोन्ही एकच आहेत हे सांगण्याची जबाबदारीही सांभाळणाऱ्यानं उचलायला हवी. नाही तर तो भार लोकांच्या डोक्यावर येतो.

दुसरं उदाहरण 'ॲ' या अक्षराचं. 'ॲडव्होकेट', 'ॲम्ब्युलन्स' असे शब्द आपण सर्रास लिहितो. पण या अक्षराला स्वतःची जागा युनिकोडमध्ये २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत मिळाली. तोवर 'अ'वर चंद्र चढवून काम भागवावं लागे. जागा मिळाली तरी एक्सपीतल्या मंगल फॉन्टमध्ये ते अक्षर नव्हतंच. आधीच घडवलेल्या फॉन्टमध्ये २००८चं अक्षर कुठून येणार? तेव्हा २००९ साली मराठी मजकूर लिहिणाऱ्यानं नवं अक्षर वापरावं, की जुनी जोडणी? नवं वापरलं तर एक्सपीवाल्याला डबा दिसणार. जुनं वापरलं तर आणखी एका शब्दाची दोन रूपं जन्माला येणार. एक्सपीचा आधार तिच्या कंपनीनं २०१४च्या एप्रिलमध्ये थांबवला, तेव्हा कुठं हा पेच हळूहळू सुटत गेला.

जुनं लवकर सोडल्यानं माणसं मागं राहतात हे आपण पाहिलं. फार काळ धरून ठेवल्यानंही राहतात. आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांत नव्वदच्या दशकात टर्बो सी हा कंपायलर आला. बोरलँड कंपनीनं तो १९८७ साली डॉससाठी काढला होता. चांगलाच होता तो. पण १९९८ साली सी प्लस प्लस भाषेचं मानक ठरलं, लिहिण्याची रीत बदलली, डॉस गेलं, तरी आपल्या प्रयोगशाळांत त्याच निळ्या पडद्यावर शिकवणं पुढची पंधरा-वीस वर्षं चालू राहिलं. चौसष्ट बिटांची विंडोज आल्यावर तो सरळ चालेना, तेव्हा डॉसचा देखावा उभा करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात घालून तो चालवला गेला. अभ्यासक्रम तोच, प्रात्यक्षिकांची वही तीच, परीक्षाही तीच. भुर्दंड पडला तो पोरांना. खेड्यातून शिकून पुण्याला मुलाखतीला गेलेल्या पोराला तिथं कळायचं, की आपण पाठ केलेली पहिली ओळसुद्धा नवा कंपायलर मान्य करत नाही. जुनं सांभाळलं गेलं, पण कुणासाठी? पोरांसाठी तर नव्हेच.

जगात मोठ्या प्रकल्पांनी हा निर्णय कसा घेतला, त्याचे दोन दाखले पाहण्यासारखे आहेत.

पहिला पायथॉन या भाषेचा. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत साधा मजकूर म्हणजे नुसती बाइटांची रांग होती. इंग्रजीचं तेवढ्यानं भागत असे. आपलं भागत नव्हतं. 'मराठी' हा शब्द दिला आणि अक्षरं मोजायला सांगितली, तर युटीएफ-८मध्ये साठवलेल्या त्या शब्दाची लांबी यंत्र १५ सांगायचं. डिसेंबर २००८मध्ये पायथॉनची तिसरी आवृत्ती आली आणि मजकूर म्हणजे युनिकोड हे तिनं गृहीत धरलं. ती 'मराठी'ची लांबी ५ सांगते: म, र, काना, ठ, वेलांटी. कवी तीनच अक्षरं मोजेल, पण १५पेक्षा ५ बरे! या बदलामुळं जुने असंख्य प्रोग्रॅम तसेच्या तसे चालेनात. तक्रारी झाल्या. दुसऱ्या आवृत्तीचा आधार २०१५ साली थांबवायचं ठरलं होतं, तो लोकांची तयारी नाही हे पाहून २०१४ साली पुढं ढकलला आणि १ जानेवारी २०२० ही तारीख जाहीर केली. मग मात्र ती पाळली. मधल्या काळात जुना प्रोग्रॅम नव्या रीतीत आणून देणारी साधनंही पुरवली. आपल्यासारख्या भाषांना सामावून घेण्यासाठी केलेला हा बदल होता, हे आपण विसरू नये. जुनं सोडणं म्हणजे दर वेळी गरिबाला सोडणंच असतं, असं नाही. कधी कधी जे आधी बाहेर होते, त्यांना आत घेण्यासाठीही जुनं सोडावं लागतं.

दुसरा दाखला लिनक्सचा. लिनक्सचा गाभा बांधायला किमान कुठला जीसीसी कंपायलर लागेल, हे त्याच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं. २०१८ सालापर्यंत तिथं ३.२ ही आवृत्ती लिहिलेली होती. ती २००२ची. पण प्रत्यक्षात आपल्या नेहमीच्या संगणकांसाठी ती केव्हाच अपुरी झाली होती. २०१८मध्येच त्या संगणकांसाठी ४.५ किंवा त्यापुढची आवृत्ती लागू लागली होती. म्हणजे कागदावर वचन होतं, व्यवहारात नव्हतं. ऑक्टोबर २०१८च्या ४.१९ आवृत्तीत किमान मर्यादा ४.६ केली. २०२० साली ती ४.९वर गेली, २०२१ साली ५.१वर. २०२२ साली, १९८९च्या सी भाषेची जुनी चौकट सोडून २०११ची चौकट स्वीकारली. पायरीपायरीनं, आधी सांगून. यातून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जे आपण तपासून पाहत नाही, ते आपण सांभाळतो असं म्हणू नये. दारावर 'चोवीस तास सेवा' अशी पाटी आणि आत कुणीच नाही, त्यापेक्षा पाटी उतरवलेली बरी. निदान माणूस दुसरीकडं तरी जाईल.

आता परत आपल्या तालुक्यात येऊ. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. तिला युनिकोड मराठी कळत नाही. तरी लहान गावांतल्या छापखान्यांत ती अजून दिसते. लोकांकडून मजकूर येतो मोबाइलवर, युनिकोडमध्ये. छापखान्यातला माणूस कन्व्हर्टर लावून तो जुन्या फॉन्टमध्ये आणतो आणि मग पान लावतो. म्हणजे हमाली संपली नाही, फक्त तिची दिशा उलटी झाली. 'ऱ्ह' तुटतो, 'ॲ'चा भलताच काही होतो, आणि कवितेत तर एक मात्रा सांडली तरी ओळ मोडते. मी त्या माणसाला नावं ठेवणार नाही. नवा प्रोग्रॅम दर महिन्याला भाडं मागतो. पंचवीस वर्षांच्या बोर्डांच्या, पत्रिकांच्या, पावत्यांच्या फायली त्याच्याकडं जुन्या रूपात आहेत आणि बोटं त्याच मांडणीची आहेत. उर्दूत लिहिणाऱ्या माझ्या मित्रांची कहाणी वेगळी नाही. १९९४ साली आलेल्या इनपेजनं उर्दू छपाईला कातिबाच्या लेखणीनंतरचं युग दाखवलं. पण त्याच्या जुन्या फायलीही बाहेर कुणाला वाचता येत नाहीत, आधी रूपांतर करून घ्यावं लागतं.

या सगळ्यातून मला एकच सांगायचं आहे. जुनं सांभाळायचं की सोडायचं, हा प्रश्न आपण अर्धवट विचारतो. त्याचे दोन भाग करायला हवेत. जुन्या रीतीनं नवं लिहिण्याची सोय कधीतरी थांबवावीच लागते. ती किती दिवस ठेवायची, हे माणसं मोजून, तारीख सांगून, पलीकडं जायची वाट करून देऊन ठरवावं. पण जुन्या रीतीनं लिहिलेलं वाचण्याची सोय थांबवू नये. डबे भंगारात गेले तरी चालतील, त्यांतला माल पलीकडं गेला पाहिजे.

यासाठी मोडीचं उदाहरण पुरेसं आहे. शेकडो वर्षं आपला व्यवहार मोडीत चालला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती रोजच्या वापरातून गेली. छपाईला, शाळेला, राज्यकारभाराला एकच बाळबोध लिपी सोयीची होती. लिहिणं थांबलं यात फार गैर झालं असं मी म्हणणार नाही. पण लिहिण्याबरोबर वाचणंही थांबलं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात रुमाल बांधून ठेवलेले मोडी कागद आहेत, आणि ते वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध करावी लागली. माणसांचे दाखले अडले होते ते ज्या लिपीत आपण लिहायचं केव्हाच सोडलं, तिच्यापाशी. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीलाही जागा मिळाली. ती काही आता कुणी मोडीत अर्ज लिहावेत म्हणून नव्हे. जे लिहून ठेवलं आहे ते जसंच्या तसं जपता यावं आणि यंत्रालाही वाचता यावं, म्हणून.

मोडीच्या कागदाला निदान कागदाचा आधार होता. तो शंभर-दोनशे वर्षं रुमालात टिकला. १९९० ते २०१०च्या दरम्यान संगणकावर लिहिलेल्या मराठीला तोही नाही. ती फ्लॉपीवर आहे, सीडीवर आहे, बंद पडलेल्या संगणकाच्या डबीत आहे, आणि कुठल्या तरी फॉन्टच्या मेहेरबानीवर आहे. गावचे इतिहास, पतसंस्थांच्या सभांची इतिवृत्तं, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक, छापून न झालेल्या कादंबऱ्या त्यात असतील. ज्यांनी ते टाइप केलं, ती माणसं अजून आहेत. कुठल्या फॉन्टमध्ये केलं हे त्यांना अजून आठवतं. आणखी दहा-पंधरा वर्षांनी हे सांगणारं कुणी राहणार नाही, आणि तेव्हा कुठला कंपायलर सांभाळायचा याची चर्चा करून उपयोग होणार नाही.

म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आपल्या तरुण मुलामुलींना माझं सांगणं आहे. तुमच्या नव्या आवृत्तीत जुनं लिहिण्याची कळ काढून टाकली तरी हरकत नाही. जुनी फाइल उघडण्याची कळ तेवढी ठेवा. आणि तुम्हा-आम्हा सगळ्यांना सांगणं असं, की घरात, कचेरीत, ग्रंथालयात अशी एखादी जुनी फाइल असेल, तर ज्या छापखान्यात तो जुना संगणक अजून चालतो, तिथं या आठवड्यात जा. ती युनिकोडमध्ये करून घ्या. एकदा छापून कागदावरही ठेवा. आणि मूळ प्रतीशी ताडून, 'ऱ्या' आणि 'ऱ्हे' नीट उतरले आहेत की नाही, ते स्वतः वाचून पाहा.